सीटखालची ट्यूब

मेहुणीचा फोन आला तेव्हा तो कपाटातून मऊ चादर काढत होता. हॉस्पिटलातली टोचते म्हणून बायकोने सकाळीच मागितली होती.

"भावजी..." मेहुणी एवढंच म्हणाली. तेवढ्यावरून त्याला कळलं.

चादर हातात तशीच धरून तो जिना उतरला. खाली दोघांच्या सायकली भिंतीला टेकलेल्या होत्या. त्याच्या सीटखाली पट्ट्याने आवळलेली ट्यूब होती. ती त्याच्या चाकाची नव्हती. बायकोच्या चाकाची होती.

ती पहिल्यांदा भेटली तेव्हा तो डोंगराच्या उतारावर पालथा पडला होता. पाठीवरची सॅक घसरून हेल्मेटवर आली होती. मागून येणारी एक सायकल करकचून ब्रेक लावत थांबली.

"लागलं का?"

"नाही."

"मग उठा की. का बिऱ्हाड उतरवायला माणूस बोलावू?"

सॅकमधून पाण्याची पिशवी, पंप, नट खोलायचे पाने, जाकीट असं सगळं बाहेर सांडलं होतं. शिवाय एक छत्री. तिच्या पाठीवर मात्र काहीच नव्हतं. बाटली आणि पंप फ्रेमवर, पाने खिशात, ट्यूब सीटखाली.

"पाठ मोकळी असली की उताराची भीती वाटत नाही," ती म्हणाली.

"मी घाबरलो नव्हतो."

"बरं... छत्री घाबरली असेल."

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, ती शाळेत गणित शिकवायची. सुट्टीच्या दिवशी दोघं बरोबर जाऊ लागले, आणि दर वेळी ती त्याच्या सॅकमधून एक-एक वस्तू कमी करू लागली.

"हे कधी लागलं होतं?"

"नाही. पण लागलं तर?"

"तर मी आहे ना," ती बोलून गेली — आणि मग दोघंही उगाच ब्रेक तपासत बसले.

शेवटी सॅक घरी राहिली. त्याची चाकं मोठी, तिची लहान. तिने त्याची ट्यूब स्वतःच्या सीटखाली बांधली आणि स्वतःची त्याच्या.

"हे उलटं झालं," तो म्हणाला.

"उलटंच करायचंय. म्हणजे कुणी कुणाला टाकून पुढे जाणार नाही."

एकदा डोंगरमाथ्यावर तिने सांगितलं, घरच्यांनी तिच्यासाठी एक स्थळ बघितलंय. "तुझं काय म्हणणं?"

"चांगलं असेल तर... बघ ना," तो म्हणाला, आणि तोंड लपवायला सुसाट खाली निघाला.

पायथ्याशी पोचून त्याने मागे पाहिलं. डोंगर धुक्यात बुडाला होता. ती आली नाही. बराच वेळ आली नाही. सायकल वळवताना त्याचा हात सीटखालच्या ट्यूबला लागला. तिची ट्यूब त्याच्याकडेच होती.

सायकल खांद्यावर टाकून तो वर चढू लागला. हाका मारत होता. उत्तर नव्हतं. दरीकडच्या वळणावर टायरची खूण होती, ती थेट कडेपर्यंत गेलेली. तो गुडघ्यावर बसला आणि खाली वाकून बघू लागला...

"इकडे."

ती मागे खडकाला टेकून बसली होती. पंक्चर झालेलं चाक काढून मांडीवर घेतलेलं.

"ओ का दिली नाहीस?"

"रागावले होते. आणि... तुझा आवाज ऐकत होते."

तो चाकात ट्यूब बसवू लागला.

"ते स्थळ मला चालणार नाही," तो चाकाकडे बघत म्हणाला.

"स्थळाचं राहू दे. तुझं बोल."

"बिऱ्हाड करू या... दोघांचं."

त्याने पंप मारला, हवा भरली, टायर दाबून बघितला. वर बघायचा धीर होत नव्हता.

"छत्री आणायची नाही," ती म्हणाली.

ते बिऱ्हाड नीट चाललं. टाकून पुढे जायचं नाही हा नियम तिचा होता. मोडलाही तिनेच.

येत्या रविवारी मेहुणीची मुलगी तिची सायकल न्यायला येणार आहे. त्याने चाकं पुसली आहेत, चेनला तेल घातलं आहे. ट्यूबांची अदलाबदल करायची राहिली आहे.