वरच्या गेजचे उत्तर

चिखलाने माखलेल्या चपला दाराबाहेर काढून तो अनवाणी जोग्जा शहराच्या नदी-इशारा कक्षात शिरला, तेव्हा वेनिंग एकटीच होती. त्याच्या केसांतून पाणी निथळत होते आणि हातात सलाक फळांची पिशवी होती.

"माझ्या ठाण्याचं दार दर दहा सेकंदांनी जो ठोठावतोय, त्या माणसाला भेटायचंय."

"माणूस नाही, बाई आहे. आणि ठोठावत नाही, विनंती पाठवते."

"इतक्या विनंत्या? पगारवाढीसाठी सबंध नोकरीत मी एवढ्या केल्या नाहीत, म्बाक." जावामध्ये तरुणीला आदराने म्बाक म्हणत, तरुणाला मास.

तो सेनो, मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर, सोका नदीच्या वरच्या ठाण्यावरचा निरीक्षक. तिथला गेज पाण्याची उंची मोजत असे. वेनिंगची प्रणाली विनंती पाठवून ती उंची मागवून घेई, आणि आकडा धोक्यापलीकडे गेला की खाली, पात्रात वाळू उपसणाऱ्यांसाठी, भोंगा वाजे. डोंगरावरची लाइन मात्र अशक्त होती; त्या अखंड माऱ्याने ती गुदमरत होती.

वेनिंगने विनंतीच्या सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण केली : आलेले उत्तर अर्धा तास जपून ठेव, तेच पुन्हा वापर.

"पाऊस आता आवरत आलाय म्हणून हं, मास सेनो. परत लागायच्या आत काढून टाकीन."

"बघा, विसराल."

"मी?" ती म्हणाली, आणि सलाकचे खवलेदार साल सोलू लागली... त्याच्याकडे पाहणे टाळण्यासाठी.

उत्तरात आकड्याशेजारी शेऱ्याची एक मोकळी जागा असे. निरीक्षकाने तिथे हवामान लिहावे, एवढीच अपेक्षा. सेनो लिहू लागला, 'ढग शिखराला टेकून झोपलाय. उठवू का?' तिने फोनवर दटावले, "शेऱ्यात कामाचं लिहा." पुढच्या उत्तरात आले, 'कामाचं : एकटा आहे.'

अर्ध्या तासाने एक नवी ओळ, आणि मधल्या काळात तीच ओळ पुनःपुन्हा, पाण्यावर थरथरणाऱ्या एकाच दिव्यासारखी. त्या वाट पाहण्याची वेनिंगला अशी काही चटक लागली, की कोरडे दिवस सरले, पुन्हा पाऊस लागला, तरी खूण काढायला तिचा हात वळेना. उद्या काढू... उद्या.

अशाच एका दुपारी सेनोचा फोन आला.

"खाली पात्रात उतरतोय. तिथल्या गेजच्या तोंडात गाळ अडकलाय. वरचा तुमच्यावर सोपवून जातो."

"आभाळ कसं आहे?"

"शिखर दिसत नाही. पण वर पाणी वाढलं तर भोंगा आहेच की. तुम्ही आहात." त्याचा आवाज खाली आला. "शेरा लिहून ठेवलाय. वाचा. उत्तर... संध्याकाळी द्या."

तिने पाहिले. शेऱ्यात मघाचीच ओळ होती, 'आज कॉफीत साखर नाही, आवाज ऐकवा.' आकडा शांत, हिरवा. ती स्वतःशीच हसली : चिडवतोय. पुन्हा पाहिले. तीच कॉफी. खिडकीबाहेर उत्तरेचा डोंगर कोणीतरी पुसून टाकावा तसा नाहीसा झाला होता आणि मेघांचा घरघराट काचेत उतरला होता.

मग तिचे हसू विरले. ओळ जुनी असेल, तर आकडाही जुनाच होता.

तिने खूण काढली, नवी विनंती सोडली. उत्तर नाही. ठरल्या मर्यादेपर्यंत थांबून प्रणालीने हात झटकले. पुन्हा सोडली. पुन्हा तेच. लाइन पावसाने जड झाली होती आणि थांबण्याची मर्यादा तोकडी होती. वेनिंगने ती मर्यादा मिनिटभराची केली.

"काय झालं गं?" पलीकडच्या टेबलावरून कक्षप्रमुख बू हार्तींनी विचारले.

"वरचा आकडा शिळा आहे, बू. आणि मास सेनो पात्रात आहेत, फोन लागत नाही."

बू हार्ती उठून तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. त्या फिरण्याला आवाज नव्हता, म्हणूनच ते असह्य होते.

उत्तर आले. आकडा लाल होता, आणि त्याला बिलगून नवी ओळ : 'संध्याकाळी जोग्जात येतोय. तुमच्या घरी आईला घेऊन कधी येऊ, ते विचारायला. नाही म्हणायला हवा तेवढा वेळ घ्या.'

त्याच क्षणी प्रणालीने भोंगा वाजवला. इथे तो ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. तरी दोघी कान देऊन उभ्या होत्या.

सेनोचा फोन अजूनही लागेना. आकडा चढत गेला. तिला धावत सुटावेसे वाटत होते, पण ही प्रणाली चालवू शकणारे दुसरे कोणी नव्हते. ती बसून राहिली, एकेक विनंती पाठवत.

मग अनोळखी नंबरावरून फोन वाजला.

"म्बाक... मी. वाळूच्या ट्रकवाल्याचा फोन आहे. सगळे वर आलोत."

बू हार्तींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"भोंगा उशिरा वाजला," ती कशीबशी म्हणाली.

"वाजला ना."

"माझ्यामुळे उशीर झाला. ती खूण मी काढलीच नव्हती. मला... तुमच्या ओळीची वाट बघायला आवडायचं."

पलीकडे नदी दगड दळत होती. तो बोलला तेव्हा आवाजात थट्टा नव्हती.

"शेवटचा माणूस वर आला आणि पाणी आलं, म्बाक. एवढंच अंतर होतं."

"हो. बू हार्तींना सगळं लिहून देणार आहे. कदाचित मला काढतील."

"मग आकडे कोण मागवणार?"

"कोणीतरी मागवेल."

"आणि माझ्या ओळी?"

तिने डोळे पुसले. "त्या समोर बसून ऐकेन म्हणते. आईंना रविवारी आणा."

सेनोचा श्वास तिला स्पष्ट ऐकू आला. मग मागून ट्रकवाल्याचा घोगरा, दमलेला आवाज : "अहो, ठरलं असेल तर फोन द्या. मला बायकोला कळवायचंय, जिवंत आहे म्हणून."

वेनिंगने तत्क्षणी फोन ठेवला.