उजव्या कप्प्यातल्या मेंढ्या

"काका, मशीन कुठे ठेवू?"

मी वळले. गोठ्याच्या दारात एक अनोळखी तरुण उभा होता, सोनोग्राफीचं यंत्र छातीशी धरून. माझ्या अंगात बाबांचा कोट होता, पायांत त्यांचे गमबूट.

"काका दीड महिन्यापूर्वी गेले. मी त्यांची मुलगी."

तो इतका ओशाळला, की मलाच कसंसं झालं. "माफ करा... मी नवा पशुवैद्य. संशोधन संस्थेत कुणी सांगितलंच नाही."

"मेंढ्यांनाही कुणी सांगितलेलं नाही."

हे मी गमतीने म्हणाले, पण ते खरंच होतं. दिवस कलला की उजव्या कप्प्यातल्या बाराही मेंढ्या एकदम उठायच्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहायच्या. बाबांची यायची ती वेळ. मी मात्र हे घराच्या खिडकीतून बघायचे आणि त्यानंतर निघायचे.

बाबांची चाचणी साधी होती. एका कप्प्याच्या खुराकात अ जीवनसत्त्व, दुसऱ्याच्या खुराकात नुसता कोंडा. जीवनसत्त्व तोडलं तर मांसात चरबी जास्त भरते का, ते पाहायचं. कोणाला काय मिळतं हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा नियम. कुठल्या कप्प्याला काय, ते फक्त बाबांना ठाऊक होतं. आता एकट्या मला.

डॉक्टर दर मंगळवारी संध्याकाळी येऊ लागला. मी मेंढीची मान धरायची, तो तिच्या पाठीवर गार जेल लावायचा. आमची बोटं लोकरीत एकमेकांना लागायची...

"तुम्ही दचकता, की मेंढी?" त्याने एकदा विचारलं.

"मेंढी."

"मग तुमचे कान का लाल झालेत?"

"यंत्राकडे बघा, डॉक्टर."

आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "मेंढ्यांची चरबी मोजायला कुणी इतकी गुळगुळीत दाढी करून येतं का गं?"

एका संध्याकाळी उजव्या कप्प्यातली एक मेंढी सरळ चालत येऊन माझ्या गुडघ्यावर आदळली. मागोमाग दुसरी. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, काळ्या, स्थिर. बाबांच्या वहीत लिहिलं होतं: जीवनसत्त्वाअभावी अंधुक उजेडात दिसेनासं झालं, तर चाचणी त्याच दिवशी थांबवणे.

मी वही मिटली. चाचणी संपायला अजून महिना होता. बाबांचं शेवटचं काम होतं ते.

दोन मंगळवार मी गप्प राहिले. मेंढ्या मात्र अजूनही दाराकडे वळायच्या, न दिसणाऱ्या डोळ्यांनी.

तिसऱ्या मंगळवारी डॉक्टरने यंत्र उघडलंच नाही.

"यांना दिसत नाहीये," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

त्याने यंत्र खाली ठेवलं. "दोन आठवडे झाले."

"आणि बोलला नाहीत? तुम्ही डॉक्टर आहात!"

"तुम्ही का नाही बोललात?"

"चाचणी संपली की बाबा खरंच संपले, असं वाटत होतं."

"माझं कारण याहून हलकं आहे," तो म्हणाला. "चाचणी संपली की... मंगळवार संपले असते."

मला त्याचा राग आला. माझाही आला. बिचाऱ्या मुक्या जनावरांच्या डोळ्यांवर आम्ही दोघांनी आपापलं दुःख आणि सुख पोसलं होतं. मी डबा आणला, उजव्या कप्प्याच्या खुराकात जीवनसत्त्व कालवलं. त्याने वहीत लिहिलं: चाचणी थांबवली, दोन आठवडे उशिरा, चूक माझी. मी खाली लिहिलं: माझीही.

"दिसेल ना यांना पुन्हा?"

"दिसेल. थोडे दिवस लागतील."

उजेड विझत आला होता. तेवढ्यात खाणं सोडून मेंढ्या थांबल्या. दारापासून एकेक बाजूला सरत गेली आणि मधोमध एक वाट उघडली, माणूसभर रुंद. ती वाट सावकाश आमच्यापर्यंत आली आणि थांबली. वारा नव्हता. डॉक्टरने माझा हात घट्ट धरला.

"कोण आहे?" तो कुजबुजला.

"बाबा असतील."

त्याने पटकन हात सोडला. मग जरा थांबून पुन्हा धरला.

"मग त्यांच्यासमोरच विचारतो," तो म्हणाला. "काही मोजायचं नसताना... मी आलो, तर चालेल?"

आम्ही दोघंही वाट पाहत राहिलो. हळूहळू मेंढ्या पुन्हा एकत्र आल्या, खुराकाला लागल्या.

"उद्या या," मी म्हणाले. "उजेड असताना. आई घरी असेल."