उलट्या बाजूचं चेंबर

तो आला होता माझ्या आत्याचा नवीन चष्मा द्यायला. आत्या आमच्या वर्कशॉपची मालकीण, आणि नेमकी एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. म्हणून मी त्याला स्टूल पुढे सरकवलं आणि पुन्हा वेल्डिंगला वाकले. मास्क वर केला, तर हा तिथेच... डोळे चोळत.

"ठिणगीकडे बघायचं नसतं," मी म्हटलं. "चष्म्याच्या दुकानात एवढंही शिकवत नाहीत?"

"ठिणगीकडे नव्हतो बघत," तो म्हणाला, आणि मग स्वतःच इतका गोंधळला की भिंतीवरच्या पकडींची चौकशी करू लागला.

दुसऱ्या दिवशी स्वारी काम घेऊन हजर. एका चिमुकल्या जुन्या गाडीत त्याला व्हॅनचं दणकट इंजिन बसवायचं होतं. पण इंजिनाच्या पोटाखाली तेल साठवणारं पत्र्याचं चेंबर असतं ना, ते पुढच्या अ‍ॅक्सलवर आदळत होतं. म्हणजे चेंबर पुढून कापून चपटं करायचं, तेवढंच तेल मावावं म्हणून एका बाजूला पोट काढायचं, आणि तेल ओढणारी नळी वाकवून त्या पोटात उतरवायची. नळी तळापासून पेन्सिलीच्या जाडीइतकी वर हवी. टेकली तर तेल येत नाही, फार वर राहिली तर हवा ओढते, आणि दोन्हींत इंजिन बाराच्या भावात जातं.

इंजिन आमच्याकडे स्टँडवर उलटं टांगलं. दुकान बंद केलं की तो यायचा, माझ्यासाठी बॅटरी धरायचा, आणि उजेड पडायचा माझ्या हातांवर, पत्र्यावर कधीच नाही. मी खेकसले की हसायचा. मलाही खेकसायला निमित्तच हवं असायचं. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. आत्या लांबून खाकरायची. चेंबर होतंय की संसार, असं तिने एकदा सरळ विचारलं तेव्हा माझे कान तापले.

काम झालं. वेल्डिंगची रेघ इतकी सुबक आली होती की मीच तिच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. तो इंजिन घेऊन गेला... आणि गेला तो गेलाच. फोन नाही, फेरी नाही. माझं कशात लक्ष लागेना. शेवटी आत्याच करवादली, की जा बाई एकदाची बघून ये, इथे माझं दूध उतू घालवू नकोस.

त्याच्या घरामागच्या शेडमध्ये गाडी उभी होती. इंजिन बसलं होतं. पण स्टिअरिंग... आपल्याकडे सगळे ज्या बाजूला बसतात, त्याच्या उलट बाजूला! पेडल, दांडे, सगळं हलवलेलं. त्याची बोटं सोलवटून निघाली होती.

असंच, जरा वेगळं दिसतं म्हणून, असं काहीतरी तो पुटपुटला. मी गाडीखाली शिरले. जिथून स्टिअरिंगचा दांडा जायला हवा, बरोब्बर तिथे माझ्या चेंबरचं पोट होतं. उलट्या टांगलेल्या इंजिनावर मापं घेतली, आणि डावं-उजवं बदलायचं विसरले. माझं लक्ष कुठे होतं ते काय सांगायला हवं? आणि हा माणूस माझी चूक झाकायला अख्खी गाडी फिरवून बसला होता.

दुसरी कुणी विरघळली असती. मला रागाने रडू फुटलं.

"सांगितलं का नाहीस?"

"एवढी सुंदर रेघ... कापायला लावू? तुला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू दे की. तू मला आवडतोस रे, म्हणून बोलतेय. उद्या मी कितीही चुकले तरी तू गोड हसशील, आणि तू खरं कधी बोलतोयस ते मला कळणारच नाही. असल्या माणसाबरोबर मी नाही राहू शकत."

आवडतोस म्हणून सांगून टाकलं, तेही भांडताना. चेंबर आणि नळी सोडवून घेतली, आणि त्याच्याकडे न बघता निघाले.

पोट कापलं, दुसऱ्या बाजूला नवं जोडलं. एकटीनेच. तो येईल की नाही, हाच एक विचार डोक्यात.

आला. स्टिअरिंग पुन्हा मूळ जागी नेलंय, एवढंच म्हणाला. मी चेंबर टेबलावर ठेवलं, वर नळी बसवून दाखवली आणि म्हटलं, बघून घे. त्याने ते खिडकीच्या उजेडात धरलं, फिरवलं, पट्टी लावली. किती वेळ. मी हात पुसत राहिले. आत्याही खाकरायची थांबली.

"नळी..." त्याने पट्टी खाली ठेवली. "नळी तिरकी आहे. एका कडेने तळाला फार जवळ जातेय. आणि या कोपऱ्यातलं वेल्डिंग — पहिल्याइतकं चांगलं नाही. घाईत केलंयस."

मी पट्टी लावली. खरंच तिरकी होती. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... डोळेच भरून आले.

"आणखी काय चुकलंय?"

"आणखी..." तो माझ्याकडे बघत राहिला. "असल्या माणसाबरोबर राहू शकत नाही म्हणालीस. तेही चुकलंय. राहू शकतेस."

यावर मात्र पट्टी लावत बसले नाही. हो म्हटलं, आत्यासमोरच.