राखेवरचा बर्फ

"परवा पाहुण्यांच्या पुढे डेचेन चालेल," आबा म्हणाले आणि चुस्कितचा घास हातातच राहिला.

वर्षभर ती या दिवसाची वाट पाहत होती. हिवाळ्यात डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांना तिचे वडील, आबा, गोठलेल्या वाटेनं वरच्या गोम्पापर्यंत, म्हणजे मठापर्यंत, नेत. बारा वर्षांची झालीस की तू पुढे, असं त्यांनीच कबूल केलं होतं. पण पाय घसरू नये म्हणून वाटेवरच्या प्रत्येक वळणावर राख टाकायचं काम एकेका घराकडे असतं, आणि नेमके चुस्कितच्या घराच्या वळणावर म्हातारे मेमे ताशी घसरले. त्यांचा हात मोडला.

"मी टाकली होती राख," चुस्कित म्हणाली.

"मग गेली कुठं? उडून?"

लेहहून सुट्टीला आलेली आतेबहीण डेचेन गुपचूप थुक्पाचं सूप पीत होती. तिच्या बुटांना खिळ्यांचे पट्टे होते, आणि चुस्कितचा धाकटा भाऊ रिंचेन दिवसभर "डेचेन अचे, डेचेन अचे" असं ताई-ताई करत तिच्यामागे फिरत होता. चुस्कितच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सकाळी तिघं त्या वळणावर गेली. डेचेननं टाच मारून बर्फ फोडला. "चुस्कित, राख आहे इथं. बर्फाच्या खाली."

चुस्कितला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण ती राख हिलाच का सापडावी? त्यापेक्षा आळ परवडला, असं तिला क्षणभर अगदी मनापासून वाटलं.

"म्हणजे राखेवर कुणीतरी पाणी ओतलं," रिंचेन म्हणाला.

चुस्कितनं वर पाहिलं. पेरणीच्या वेळी वितळून पाणी मिळावं म्हणून गावानं वरच्या उतारावर बर्फाचा ढीग रचायला घेतला होता. पाइपातून पाणी उडवायचं, ते गोठत जायचं. "माझ्या मागून या. मी पाय ठेवीन तिथंच ठेवा," ती म्हणाली आणि पकड यावी म्हणून बुटांवर जुने लोकरी मोजे चढवून, काठीनं बर्फ ठोकत निघाली.

वर पाइपाचा एक सांधा चिंधीनं बांधलेला होता. त्यातून बारीक फवारा उडत होता.

"पण पाणी तर वर उडतंय. वाट खाली आहे," डेचेन म्हणाली.

"ऊन गेलं की वारा खाली फिरतो. लेहमध्ये नाही वाटतं शिकवत?" चुस्कितला फार बरं वाटलं.

पाइपाच्या राखणीवर असलेले मोरूपमामा झोपडीत शेगडीकडे पाय करून बसले होते. "माझा पाइप गळतो?" ते जागचे हललेसुद्धा नाहीत. "राख टाकायची नाही आणि पाइपावर ढकलायचं. जा घरी."

डेचेन वाद घालू लागली. चुस्कितचं लक्ष मात्र खुंटीवरच्या मामांच्या टोपीकडे होतं. निघताना ती टोपी तिच्या कोटाखाली होती. संध्याकाळी वळणावर राख टाकून तिनं राखेवर टोपी ठेवली, आणि उडू नये म्हणून टोपीवर दगड.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना तिथं बोलावलं. टोपी बोटभर बर्फाखाली आरामात झोपली होती.

"माझी टोपी कुणी गोठवली?" कानाला मफलर गुंडाळून आलेले मामा ओरडले.

"तुमच्याच पाइपानं," चुस्कित म्हणाली. "जशी माझी राख गोठवली तशी."

वरच्या सांध्यापासून वळणापर्यंत बर्फाचा ताजा पट्टा लखलखत होता. मामांनी तो पाहिला, डोकं खाजवलं आणि मुकाट्यानं पाना आणायला गेले.

"शाब्बास, पोरींनो! माझा हात मोडला, पण तुमची डोकी शाबूत आहेत," गळ्यात हात बांधलेले मेमे ताशी म्हणाले.

"राख डेचेननं शोधली," चुस्कित म्हणाली.

आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "चुकलो मी. पाहुणे आलेत, चल. तू पुढे."

डेचेनचा चेहरा उतरला. चुस्कितला तो चेहरा चांगलाच ओळखीचा होता. गेले दोन दिवस ती स्वतः तोच घेऊन फिरत होती. चार पावलं ती ऐटीत चालली. मग थांबली.

"पुलापर्यंत वाट रुंद आहे," ती मागे न बघता म्हणाली. "ये बरोबरीनं."

"आणि पुलानंतर?"

"पुलानंतर मी पुढे."