मथुराबाईची पहिली घागर

बसा. लाईट काही इतक्यात येत नाही. आणि ते मोबाईल खिशात घाला आधी. अंधारात तुमचे निळे चेहरे पाहून माझीच पाचावर धारण बसते. गोष्ट सांगतो, पण मध्ये कुणी खोटी म्हणायचं नाही. ज्याच्या बाबतीत ही घडली तो गोविंदा माझा विद्यार्थी. त्याची आई मथुराबाई आमच्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवायची.

नेर रस्त्याला आपलं लेआउट आहे ना, तिथे तेव्हा कापूस व्हायचा. कापसाला भावच नाही अशी ती वर्षं. मालकाने वैतागून कापसाची पऱ्हाटी उपटली, चुन्याच्या रेघा मारल्या आणि शेताचे प्लॉट पाडून विकायला काढले. कोपऱ्यातला एक मथुराबाईने घेतला. जन्म गेला होता तिचा भाड्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या अंगणातून नाहीतर हापशीवरून पाणी आणण्यात. घरापेक्षा तिला नळाची आस. मला म्हणायची, "गुरुजी, घर कसंबी चालते. नळ आपला पायजे. आपल्या दारात बसून, कोनाचं काई ऐकून न घेता, पोटभर पानी प्यायचं हाय मले."

पण रिकाम्या प्लॉटला नळ मिळेना. नळवाले म्हणत, आधी घर दाखवा. गवंडी म्हणे, आधी पाणी दाखवा. या दोघांच्या मध्ये बाई चपला झिजवत राहिली. शेवटी लेआउटमधल्या सगळ्यांनी केलं तेच तिने केलं. टिनाचं खोपटं उभं केलं, दोरीवर लुगडं वाळत घातलं, आणि साहेब पाहणीला आले त्या दिवशी चूल पेटवून चक्क भाकरी थापत बसली.

"बाई, खरंच राहता का इथे?" साहेबांनी विचारलं.

"राहून नाई राह्यली तं ह्या भाकरी कोन करून राह्यलं, साहेब?"

साहेब हसले. नळ मंजूर झाला. त्या दिवशी तिने शाळेत सगळ्यांना गूळ वाटला.

पाइप टाकायला मात्र वेळ लागला, आणि तेवढा वेळ तिच्यापाशी नव्हता. संक्रांत झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. यवतमाळला नेलं. आतडं अडकलं होतं. सकाळी ऑपरेशन, तोवर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांचं बरोबरच होतं. गोविंदा रात्रभर उशाशी बसला, आणि ती रात्रभर पाणी मागत राहिली.

"घोटभर दे रे बापा. एकच घोट."

तो कापसाचा बोळा ओला करून तिच्या ओठांना लावायचा. पाण्याची बाटली त्याने खाटेखाली लपवली होती, तिला दिसू नये म्हणून. पहाटे ती मागायची थांबली. डोळा लागला असं त्याला वाटलं... ऑपरेशनची वेळ आलीच नाही. नंतर कितीतरी दिवस तो समोर पाण्याचा पेला भरलेला असला तरी नुसता बघत बसायचा.

आपल्याकडे वर्षात गेलेल्या माणसाच्या नावाची पहिली घागर अक्षय तृतीयेला भरतात. त्या दिवशी त्याला पाणी पोचतं म्हणतात. गोविंदाने ठरवलं, मायची घागर तिच्याच नळाच्या पाण्याने भरायची. तोवर नळ बसला होता, पण त्याला पाणी आलं नव्हतं. दिवस लोडशेडिंगचे, मोटार चालायची रात्रीच. टाकी भरली की देवीलाल नावाचा आमचा पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्ह खोलायचा. तो गोविंदाला म्हणाला, "आज राती तुमच्या लाइनले पहिल्यांदा सोडतो. बसजो जाऊन."

दोन हजार सहा साल. एकोणतीस एप्रिल, शनिवारची रात्र. उजाडलं की तृतीया.

गोविंदाची बायको इंदुताई म्हणाली, "हापशीचं आनते ना मी सकाळी. अंधारात कायले जाता?"

"हापशीचं पानी तिनं जन्मभर आनलं. आज नाई."

मातीची कोरी घागर खांद्यावर, हातात बॅटरी. लेआउटमध्ये तेव्हा एकही घर नाही. काळी जमीन, भेगाच भेगा. चंद्र कधीच बुडालेला. तो खोपटासमोर नळाशी उकिडवा बसला. बसला... खूप वेळ बसला.

मग नळ फुसफुसला. आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. त्याने घागर खाली लावली.

घागर भरताना आवाज बदलतो, माहीत आहे ना? पाणी वर चढतं तसा बारीक होत जातो. गोविंदा त्या आवाजाची वाट बघत होता.

आवाज बदलेना.

धार चालू. आवाज तोच. खोल. तळाला पडल्यासारखा.

त्याने घागर उचलली. हलकी. बॅटरी मारून आत पाहिलं. रिकामी... तडा असेल म्हणून बुडाशी हात फिरवला. कोरडं. खालची माती दाबून पाहिली. तीही कोरडी.

पुन्हा लावली. पुन्हा तेच.

आणि मग त्याला ऐकू आलं. अगदी जवळून.

घोट.

मग थांबून... घोट.

खूप दिवसांची तहान असलेलं माणूस पितं तसं.

"माय?"

नुसती धार.

त्याचा हात आपोआप तोटीकडे गेला. बंद करावी आणि पळावं. तोटी अर्धी फिरवली. धार बारीक झाली... आणि अंधारात कुणीतरी श्वास धरला. मागत नव्हतं कुणी. नुसतं थांबलं होतं. तो देतो की नाही, बघत.

गोविंदाने तोटी पूर्ण खोलली.

"पी," तो म्हणाला. "पी माय. कोनी नाई म्हनत."

आणि तो रडला. दवाखान्यात रडला नव्हता, सरणापाशी रडला नव्हता. पाणी जाईपर्यंत तिथे घागर धरून रडत बसला.

उजाडता घरी आला तो रिकामी घागर घेऊन.

दुपारी मथुराबाईच्या नावाने पितर म्हणून शेजारची धनीबाई जेवायला बसली. मीही त्या पंगतीला होतो. गोविंदाने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. म्हातारीने तो हाताने बाजूला सारला.

"नको बापा. रातीच तुह्या हातचं पोटभर पेली."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. गोविंदाचा हात तसाच राहिला. मग धनीबाईच इकडेतिकडे बघत म्हणाली, "काहून बे, असे काहून पाहून राह्यले? पानी द्या ना, ठसका लागन मले." आणि पेला घटाघटा रिकामा केला. आपण आधी काय बोललो ते तिला मरेपर्यंत आठवलं नाही.

त्या प्लॉटवर आता गोविंदाचं घर आहे. ती घागर त्याने कुणाला दिली नाही. स्वयंपाकघरात तिवईवर पालथी असते. त्या दिवसापासून तिच्यात कुणी पाणी भरलेलं नाही. मागच्याच आठवड्यात गेलो होतो, सुलटी करून आत हात घातला. कोरडी. बोटांना धूळ लागली.

बाहेरून मात्र ओली. थंडगार. तिवईखाली इंदुताईने एक फडकं घातलंय, ते ती रोज सकाळी पिळून वाळत टाकते.