जीपखालचा दगड

कार्लिन, तो दिवा बारीक कर गं, डास येतात. आणि रमचा पहिला घोट जमिनीवर सांडा, गेलेल्यांसाठी. हं. आता ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं.

अल्फियसला तुम्ही ओळखता. टिरेल बेच्या धक्क्याजवळचा, पांढऱ्या जीपवाला. शिडाच्या बोटीतून भटकणारे गोरे खाडीत नांगर टाकतात आणि बेट बघायला दिवसभर जीप भाड्याने नेतात, त्यावरच त्याचं घर चालायचं. पण माणूस महासंशयी! जीप देताना टायरवर खडूने खुणा करायचा, परत आली की आत डोकं घालून वास घ्यायचा. अरे, एवढंसं बेट, पळवून नेणार कुठे?

त्याची आई कॅसिल्डा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. थडग्याचा दगड कधीच तयार झाला होता, नाव-तारीख कोरून. पण तो बसवायचा म्हणजे बकरं कापा, ढोलवाले बोलवा, गाव जेवू घाला. अल्फियसचं एकच पालुपद, "सीझन संपू दे." सीझन संपला की पुढचा सीझन. एका पावसाळ्यात जीप अंगणात रुतायला लागली, तेव्हा त्याने तोच दगड पालथा घालून मागच्या चाकाखाली टाकला. उचलायला चौघं लागलो. हो, त्यात मी होतो. लाज वाटते, पण होतो.

त्याची बहीण आयोनी फाटकातून ओरडली, "मेल्या, दगड बसल्याशिवाय आईला झोप नाही, आणि तू तिच्यावर गाडी चढवतोस?"

"दगड आहे तो, आई नाही," हा म्हणाला.

फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. सकाळी हेनिंग आणि लिसबेट नावाचं एक डॅनिश जोडपं जीप घेऊन गेलं. सहाला परत यायचं ठरलं होतं. सात वाजले. आठ वाजले. अल्फियस पायरीवर बसून चडफडतोय, 'उलथवली असणार कुठेतरी, आणि आता बोटीत बसून पसार होणार.' नऊ वाजून दहा मिनिटांनी वळणावर दिवे दिसले.

हा धावत फाटकात गेला. "उलटी घ्या! मागचं चाक दगडावर येऊ द्या!"

हेनिंगने रिव्हर्स टाकला, आणि लिसबेट किंचाळली, "नको! मागे नेऊ नकोस!"

गाडी जागच्या जागी बंद पडली. अल्फियसने मागच्या सीटवर टॉर्च मारला. सीट रिकामी. पण पट्टा लावलेला होता, खटका बसलेला.

"तिसरं कोण होतं गाडीत? खरं सांगा."

"एक आजी," लिसबेट म्हणाली. "विंडवर्ड गावाच्या रस्त्यावर उभी होती, अंधार पडताना. म्हटलं, घरी सोडू. दर खड्ड्याला कण्हायची. हळू चालवा म्हणायची. म्हणून तर एवढा उशीर..."

"उतरली कुठे?"

"उतरली नाही. त्या वळणापर्यंत आरशात दिसत होती."

अल्फियस हसला. "आयोनीने पढवून पाठवलंय ना? किती पाजली तिने?"

"आयोनी कोण?" हेनिंगने विचारलं.

अल्फियसने टॉर्च पुन्हा त्या पट्ट्यावर मारला.

"तिच्या पांढऱ्या झग्यावर," लिसबेट हळूच म्हणाली, "पाठीवर... टायरचा ठसा होता. काळा. आम्हाला वाटलं, कुणी उडवलं तिला. म्हटलं, दवाखान्यात नेतो. तर म्हणाली, नको, घरी सोडा. माझा मुलगा रोज..."

"रोज काय?"

"रोज माझ्यावर गाडी लावतो."

अल्फियस अंगणात वळला. टॉर्च दगडावर धरला.

दगड उताणा होता.

आम्ही चौघांनी पालथा घातलेला दगड. नाव वर. कॅसिल्डा. अक्षरांत चिखलाचा कण नाही...

तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि ढसाढसा रडला. "चुकलो गं आई, चुकलो."

आयोनीचंच काम, असं मीही म्हटलं होतं. संशय घ्यायला मीही काही कमी नाही. पण दगड हलवणारे चौघं आम्हीच होतो, आणि अल्फियस संध्याकाळपासून पायरीवर होता. दगड त्याच्या डोळ्यांसमोर!

शनिवारीच बकरं कापलं, रात्रभर ढोल वाजला. दगड नेताना आयोनीने विचारलं, "काय रे, संपला का सीझन?" त्याने मान वर केली नाही. आम्ही दगडाची मागची बाजू घासायला वाळू आणि साबण घेऊन गेलो होतो. गरज पडली नाही. वर्षभर चाक झेललेला तो दगड, पाठ अशी स्वच्छ की हात फिरवत राहावं.

ठसा जीपमध्ये होता. मागच्या सीटला पाठ टेकते ना, तिथे. काळा, टायरच्या नक्षीसकट. साबण लावला, रॉकेल लावलं, शेवटी कापड बदललं. नव्या कापडावर दुसऱ्या दिवशी तो हजर.

जीप आता तो भाड्याने देत नाही. मघाशी मला इथे त्यानेच सोडलं.

मी पुढे बसून आलो.