उलट्या माइकची शिट्टी

जिना धडाधड उतरून, रस्ता ओलांडून ती समोरच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरली आणि हातातला लाल डबा तिने टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच.

"हे साउंड कार्ड बिघडलंय!"

दुरुस्तीवाला एका जुन्या रेडिओत डोकं खुपसून बसला होता. त्याने वर पाहिलं आणि त्याच्या हातातला स्क्रू निसटला. तो घरंगळत कुठे गेला, हे बघायचंही त्याला सुचलं नाही.

"तुम्ही... समोर गाता ना?"

"गाते. पण ते रस्त्याला ऐकू येतं, कॉम्प्युटरला नाही!"

तिला घरी सगळे ठकी म्हणत. गाण्यापायी नोकरी सोडून बसलेल्या ठकीला दादाने एक महिना दिला होता. तेवढ्यात एखादी धून कुणी घेतली तर उत्तम, नाहीतर एक तारखेपासून दादाच्याच ऑफिसात खुर्ची तयार होती. मुलांसाठी गोष्टींची मालिका काढणाऱ्या काही मंडळींना सुरुवातीची धून हवी होती. पाठवायची मुदत आज पाचपर्यंत. आता दोन वाजले होते, आणि तीन आठवडे रेकॉर्ड केलेलं तिने आज पहिल्यांदा ऐकायला घेतलं, तर पहिल्याच सुराला तिचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता.

त्याने डबा उलटसुलट करून पाहिला. "हा धडधाकट आहे. तुमची खोली बघावी लागेल," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... वायरी."

दार दादाने उघडलं.

"हे कोण?"

"डॉक्टर," ठकी म्हणाली.

"कुणाला काय झालंय?"

"डब्याला."

दादाने कपाळावर हात मारला आणि तो पुन्हा आपल्या पेपरात शिरला.

दुरुस्तीवाल्याने आधी कॉम्प्युटरमध्ये डब्याचा ड्रायव्हर प्रोग्राम नव्याने टाकला, मग सॉफ्टवेअरमध्ये योग्य इनपुट निवडलं. ठकी स्टुलावर बसून बघत होती. कसली बोटं होती ती! एकेक वायर तो अशी हलक्या हाताने सरळ करत होता, जणू झोपलेल्या बाळाचा हात पांघरुणात घालतोय. आणि हेडफोनवर जरा खरखर झाली की त्याची मान आपोआप तिरकी व्हायची. इतकं मन लावून ऐकणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

"गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो ना? बफर जास्त ठेवलाय तुम्ही."

"येतो ना, कानात नुसता गोंधळ! बफर म्हणजे?"

"कॉम्प्युटरला दम खायला दिलेला वेळ. जास्त दिला की तो रेंगाळतो, फार कमी दिला की धापा टाकतो."

"अगदी माझ्या दादासारखा!"

"ऐकू येतंय मला," बाहेरून दादा ओरडला.

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, याची ठकीने उगाचच नोंद घेतली.

मग त्याने माइककडे पाहिलं... आणि पाहतच राहिला. "हा असा कुणी लावला?"

"मीच. का?"

"कंपनीचं नाव आहे ना, ते याचं तोंड. तिकडून गायचं असतं. तुम्ही तीन आठवडे याच्या पाठीकडून गाताय."

"पण नाव दर्शनी बाजूला नको? दुकानाची पाटी काय आतल्या बाजूला लावतात?"

त्याने हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. ठकीला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"मग इतके दिवस या तोंडाने ऐकलं तरी काय?" तिने विचारलं.

माइकचं तोंड होतं उघड्या खिडकीकडे. आणि खिडकीसमोर... त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम मावळलं. "ते राहू दे. जुनं पुसून टाकूया."

पण ठकीने बटण दाबलंच होतं.

दूरवर तिचा क्षीण आवाज. आणि त्याच्यावर, स्वच्छ, गोड शिट्टी! तिच्याच धुनेची. ठकीने दुसरं रेकॉर्डिंग लावलं, मग तिसरं. सगळीकडे शिट्टी. ठकी अडली की थांबणारी, ती चुकली की तिला हळूच सुरावर आणणारी. आणि शेवटची ओळ, जी तिला काही केल्या बांधता येत नव्हती, जिथे ती दर वेळी वैतागून गाणं सोडून देत होती, ती शिट्टीने पुरी केली होती. किती सोपी आणि किती सुंदर!

"माफ करा," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही रोज तिथेच थांबायचात. मला दिवसभर चुटपुट लागून राहायची."

ठकीचे डोळे भरून आले. तीन आठवडे आपण एकट्याच झगडतोय, असं तिला वाटत होतं.

तिने माइक फिरवला, आपली बाजू गायली आणि हेडफोन त्याच्यासमोर धरला. "आता तुम्ही."

"मी? छे! समोर कुणी असलं की माझे ओठ कोरडे पडतात."

"मग मी तुमच्याकडे पाठ करून बसते."

पाचला चार मिनिटं कमी असताना धून रवाना झाली.

बुधवारी उत्तर आलं. दादाने ते मोठ्याने वाचलं, "धून पसंत आहे, शिट्टीसकट. अशा आणखी सहा कराल का?" त्याने चष्मा वर सरकवला. "ठके, ही शिट्टी कुणाची?"

"डॉक्टरांची," ठकी म्हणाली आणि खोलीत पळाली.

तिने खिडकी सताड उघडली. माइक फिरवून त्याचं तोंड रस्त्याकडे केलं आणि नवी धून गायला घेतली. अर्ध्यावर मुद्दाम थांबली. समोरच्या दुकानातून शिट्टी आली नाही... तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

तो दारात धापा टाकत उभा होता. "अहो, माइक पुन्हा उलटा लावलाय तुम्ही! खालून दिसतोय."

"माहीत आहे," ठकी म्हणाली. "मला तुझाच आवाज हवा होता."

मग कोरड्या पडलेल्या ओठांनी, तिच्याकडे बघत, त्याने तिची अर्धी राहिलेली ओळ पुरी केली.